गोपाळकाकांचं पान

आमच्या ह्यांना, शरच्चंद्र कोळथरकरांना, बहारीनमध्ये दोनच उद्योग. दिवसा वीजकेंद्रातली नोकरी आणि संध्याकाळी कुळवृत्तांत. कोणता कोळथरकर कुठे जन्मला, कुठे गेला, त्याला मुलं किती, सगळं पत्रं पाठवून गोळा करायचं. तिथल्या नईम वस्तीतल्या आमच्या दोन खोल्यांत जेवायचं टेबल म्हणून कधी मोकळं मिळालं नाही. मी वैतागायचे, "अहो, जिवंत माणसांशीही बोला कधीतरी!"

सगळं जमलं, अडलं ते गोपाळकाकांपाशी. ह्यांचे हे थोरले काका १९२२ साली शेतकी शिकायला अमेरिकेला गेले. तीन वर्षं पत्रं आली. पहिलं कॅलिफोर्नियातल्या द्राक्षमळ्यातून, मग अ‍ॅरिझोनाहून, शेवटचं न्यू मेक्सिकोतल्या कापसाच्या शेतावरून. पुढे काही नाही. त्यांची बायको, आमच्या माई, पत्रं थांबली तेव्हा सतरा वर्षांच्या होत्या. ह्यांची आई लवकर गेली, म्हणून ह्यांना माईंनीच वाढवलं. आता शहात्तराव्या वर्षी त्या आमच्याकडे राहत होत्या, कपाळावर ठसठशीत कुंकू लावून. काका आहेत की गेले, हे कळायच्या आत माईच गेल्या तर? ह्या एका विचाराने ह्यांना पोखरलं होतं.

ह्यांच्याबरोबर काम करणाऱ्या डेल नावाच्या अमेरिकनाला स्वतःचे पूर्वज शोधायचा नाद. बिचाऱ्याने आमच्यासाठीही तिकडच्या कचेऱ्यांना पत्रं लिहिली. सगळीकडून एकच उत्तर, कोळथरकर नावाचा कोणी इथे नव्हता.

मग एकदा आम्ही दवाखान्यात बसलो होतो. काउंटरवरची हमीदा हाका मारतेय, "शरच्चंद्र गणेश!" आणि हे ढिम्म. मी कोपर मारलं. इथे पुढे वडिलांचं नाव लागलं की झालं, आडनाव विचारतो कोण? हे उठायचं सोडून माझ्याकडेच बघत राहिले.

"सुनंदा, काकांचंही तिकडे असंच झालं असेल तर?"

डेलने पुन्हा पत्रं लिहिली, ह्या वेळी गोपाळ विठ्ठल नावाने. दोन महिन्यांनी न्यू मेक्सिकोतून उत्तर आलं. मिस्टर विठ्ठल, शेतकरी, मृत्यू १९५१. बायको मेक्सिकन, मुलं तीन.

ह्यांनी ते पत्र आठ दिवस कपाटात दडवलं. नवव्या दिवशी माझं डोकं फिरलं. "त्या बाईने बासष्ट वर्षं वाट बघितली आणि तुम्ही कपाटाला कुलूप लावताय? काही वाटतं का तुम्हाला?"

तेव्हा कुठे माईंसमोर बसून ह्यांनी पत्र वाचलं. माईंनी ते हातात घेऊन उलटसुलट पाहिलं.

"माझी आठवण काढलीन का रे कधी?"

"ते ह्यात नाही, माई."

"मुलांची नावं?"

"होसे, रोसा आणि धाकटा विठ्ठल."

"सासऱ्यांचं नाव ठेवलंन म्हणजे."

मला राहवेना. "माई, कुंकू पुसू नका हो."

"पुसतेय कशाला? काल का गेलेत? तेहतीस वर्षं झाली!" असं म्हणाल्या खऱ्या, पण डोळ्यांना पदर लावला. मग ह्यांच्याकडे वळल्या. "शरू, तुझ्या त्या वृत्तांतात माझ्या नावापुढे काय लिहिलंयस?"

हे कागद चाळायला लागले. मीच सांगितलं, "निःसंतान."

"खोड ते. ती तिघं लिही. आणि त्यांच्या आईचंही नाव लिही, माझ्या खाली."

ह्यांनी गोपाळकाकांचं पान काढलं, पण पेन टेकवेनात. पेन मी घेतलं आणि तो शब्द मीच खोडला.