एकादशीच्या भगरीवर आयोडीनचा थेंब

इंटरच्या परीक्षेला अमरावतीला जाणाऱ्या मित्रांनो, वाचनालयाच्या फळ्यावर हा कागद मुद्दाम लावतोय. आज सकाळचीच गोष्ट आहे.

धान्याच्या पेशीत स्टार्च साठलेलं असतं आणि आयोडीननं ते निळं होतं, एवढं पाठ करून राहिलो होतो. घरात टिंचर आयोडीनची बाटली होती. एकादशीची भगर आणि कालची उरलेली भाकर, दोन्हींवर एकेक थेंब टाकला. दोन्ही सारख्याच निळ्या झाल्या.

मी म्हटलं, "माय, कायचा उपास? दोन्हींत स्टार्चच आहे."

माय ओसरीवर पाय पसरून बसली होती. म्हणाली, "आज मले वीस भाकरी थापा लागल्या नाई. हे दिसलं काय तुह्या औषधाले?"

प्रयोगवहीत निरीक्षण म्हणून काय लिहू?