जावईबापूंविरुद्ध तक्रार

आमच्या शहापूरच्या व्हॉलीबॉल मंडळात खेळ एक तास चालतो आणि त्यावरची चर्चा दोन तास. सगळे सदस्य पंचेचाळीसच्या पुढचे. गुडघे लवकर थकतात, जिभा काही थकत नाहीत. त्यामुळे मंडळाच्या कपाटात ट्रॉफी एकच, पण किस्से ठेवायला जागा उरली नाही. यंदाचे तर सगळे एकाच तक्रारीचे आहेत.

झालं असं, की जिल्ह्याच्या स्पर्धेची टीम लागली आणि गुलाबभाऊंचं नाव कटलं. वय अठ्ठावन्न, गुडघ्याचं ऑपरेशन दिवाळीनंतर ठरलेलं. म्हणजे ही त्यांची शेवटची स्पर्धा. त्यांच्या जागी आले अध्यक्ष नामदेवभाऊंचे नाकाडोंगरीचे जावई. फॉर्मवर वय सेहेचाळीस. माणूस पाहिला तर चाळिशीचाही दिसेना. स्मॅश मारला की बॉल थेट शेजारच्या धानाच्या बांधीत.

नियम साफ होता : पंचेचाळीसच्या आतला खेळाडू असेल तर तक्रार करावी. कोणी करावी, ते लिहायचं राहून गेलं होतं.

*

गुलाबभाऊ मीटिंगमध्ये उभे राहिले. "मीच करतो ना तक्रार."

सचिव मुरलीमास्तर म्हणाले, "तुमाले नाही करता येत जी. तुमचा फायदा आहे त्यात."

"मंग ज्याचा फायदा नाही त्यानं करावी."

"त्यानं कायले करावी? त्याचा काय फायदा?"

गुलाबभाऊ गुडघा धरून खाली बसले.

*

मग ठरलं, अध्यक्षांच्या नात्यात नसलेला सदस्य शोधायचा. रजिस्टर काढलं. सदस्य चोवीस. बावीस जण नामदेवभाऊंचे सोयरे, मीही त्यातच. तेविसावे स्वतः नामदेवभाऊ. उरले लातूरकडून बदलून आलेले बँकेतले साहेब. सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं.

"साहेब, तुमाले कोणाची भीड नाही."

साहेबांनी हात जोडले. "अहो, मी त्यांच्याच घरी वरच्या मजल्यावर राहतो. पाण्याचा नळ खाली आहे."

*

मास्तरांनी बिस्किटाच्या डब्याची तक्रारपेटी केली. निनावी चालेल म्हणाले. पंधरा दिवसांनी उघडली, तर सात चिठ्ठ्या. सहा माझ्याविरुद्ध : सर्व्हिस करताना रेषेवर पाय पडतो म्हणून. सातवीत लिहिलं होतं, "गुलाबभाऊवर अन्याय होऊन राहिला. कोणीतरी तक्रार करा."

अक्षर नामदेवभाऊंचं! मी मोठ्यानं वाचून दाखवलं. नामदेवभाऊ गंभीरपणे मान हलवत म्हणाले, "बरोबर आहे. कोणीतरी केलीच पाहिजे."

*

शेवटी तक्रार उपसमिती नेमली. तिचा प्रमुख निष्पक्ष हवा, म्हणजे गावाबाहेरचा. साहेबांनी पुन्हा हात जोडले. गावाबाहेरचे दुसरे एकच : नाकाडोंगरीचे जावईबापू. त्यांना शाल-नारळ देऊन नेमणूक केली. निघताना त्यांनी गुलाबभाऊंच्या खांद्यावर हात ठेवला. "काका, काही अडचण असली तर माझ्याकडे या."

*

स्पर्धेला चार दिवस उरले. मास्तरांनी टीमचे सगळे फॉर्म मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकले आणि ते नामदेवभाऊंच्या मोबाइलवर शेवंताकाकूंनी, म्हणजे जावईबापूंच्या सासूबाईंनी पाहिले. काकूंनी जावयाला ओसरीतच थांबवलं.

"लग्नात बत्तीस सांगितलं होतं तुमी. तीन वर्षांत सेहेचाळीस कसे झाले?"

जावईबापूंनी जन्माचा दाखला दाखवला.

"दाखला कोणीही आणते. फॉर्मवर मंडळाचा शिक्का आहे. खोटा असंल तर मंडळानं शिक्क्यानं सांगावं. तोवर पोरगी माहेरीच राहीन."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही नेट बांधून राहिलो होतो, तर जावईबापू धावत आले. हातात स्वतःच लिहिलेला अर्ज. तक्रारदार : मी. विरुद्ध : मी. गुन्हा : वय फक्त पस्तीस.

मास्तरांनी चष्मा पुसला. "पाहू जी. सात दिवसांची नोटीस द्यावी लागंल तुमाले."

"सात दिवस कुठले जी? सासूबाई ऑटोत बसून आहेत. टीममधून काढा, दोन वर्षं बंदी घाला, पण आत्ता शिक्का मारून द्या."

मास्तर नामदेवभाऊंकडे पाहू लागले. नामदेवभाऊ ऑटोकडे पाहू लागले. गुलाबभाऊंनी स्टॅम्पपॅड उघडून मास्तरांपुढे सरकवलं.

"दोनच कायले? पाच लिवा मास्तर. काकूले पक्कं वाटंल."