जर्मन बाहुलीची नऊवारी

माझ्या बहिणीच्या लग्नात तिच्या सासरी जे रुखवत गेलं, त्यात एक जर्मन बाहुली होती. ती आमची नव्हती.

ही गोष्ट नव्वदच्या दशकातली. मी सुरतेत, लिंबायतच्या एका मराठी शाळेत शिकवत होतो आणि संध्याकाळी हिऱ्यांच्या एका व्यापाऱ्याच्या घरी जाऊन त्यांच्या दोन मुलांना इंग्रजी व्याकरण समजावत होतो. (व्याकरण अजून त्यांच्यापर्यंत पोचलेलं नाही. मुलं मात्र अँटवर्पला पोचली.) त्या मुलांच्या आई हंसाबेन यांना बाहुल्या जमवायचा नाद होता. दिवाणखान्यात काचेचं कपाट, कपाटात दिवा आणि दिव्याखाली बारा बाहुल्या. कुणी जपानी, कुणी रशियन, कुणी स्पॅनिश. आणि या सगळ्यांना हंसाबेननी चणियाचोळी घातली होती! आरसे, टिकल्या, गोंडे. जपानी बाहुलीच्या हातात तर दांडियाही होत्या.

मला हे सहन होईना. वास्तविक बाहुल्या माझ्या नव्हत्या, कपाट माझं नव्हतं आणि मला पैसे व्याकरणाचे मिळत होते. पण अभिरुचीचा प्रश्न आला की मी गप्प बसत नाही. (या स्वभावापायी शाळेत माझी बढती दोनदा हुकली. दोन्ही वेळा स्नेहसंमेलनाच्या पडद्यावरून.)

या बारा जणींत सगळ्यात मोलाची ती जर्मन. हंसाबेनच्या भावाने अँटवर्पच्या कुठल्याशा जुन्या दुकानातून आणलेली. पावणेदोन फूट उंच, चिनी मातीचा चेहरा, निळे डोळे. खांद्यांत, कोपरांत, मनगटांत, गुडघ्यांत लाकडी गोळे बसवलेले, आणि सगळे अवयव आतून एका ताणलेल्या रबरी दोरीने एकमेकांना धरून राहिलेले. हवी तशी वळवा, हवी तशी बसवा. अशा खानदानी बाईच्या अंगावर काय, तर गुलाबी टिश्यूचा घागरा.

"हंसाबेन," एक दिवस मी म्हणालोच, "हिच्या चेहऱ्याला काही भारदस्त हवं. आमची नऊवारी नेसवून बघा. सुती, हातमागाची, एकही टिकली नसलेली."

हंसाबेन गुजरातीत बोलत, मी मराठीत. समोरच्याचं चुकतंय, एवढं दोघांनाही नीट कळे.

"तो मास्तर, तमे ज पहेरावी बतावो ने," त्या म्हणाल्या. म्हणजे, तुम्हीच नेसवून दाखवा. आणि त्यांनी कपाट उघडून बाहुली माझ्या हातात दिली. "पण मंगळवारे पाछी. बुधवारे मारो भाई आवे छे."

मंगळवारी बाहुली परत हवी. बुधवारी भाऊ येणार, आल्याआल्या कपाटात आपली बाहुली शोधणार, आणि ती तिथे नसेल तर हंसाबेनला भावापुढे मान खाली घालावी लागणार. हे सगळं त्यांनी मला दोनदा सांगितलं. मी दोनदा मान हलवली. तो गुरुवार होता. रविवारी माझी बहीण शोभा हिचं लग्न होतं.

आईवडील नसल्याने लग्नाची सगळी जबाबदारी माझ्यावर होती, म्हणजे माझ्या बायकोवर. मंदा वाल निवडत होती. मी बाहुली आणि खादी भांडारातून आणलेलं कापड तिच्यासमोर ठेवलं.

"हे काय?"

"नऊवारी. हिला."

"घरात खरी नवरी बसली आहे. तिचे ब्लाउज अजून शिंप्याकडे आहेत."

"प्रश्न अभिरुचीचा आहे, मंदा."

"मग तुम्हीच नेसवा."

मी नेसवली. आधी त्रैराशिक मांडलं. पाच फुटी बाईला नऊ वार, तर पावणेदोन फुटी बाईला किती? तीन वारांहून थोडं जास्त उत्तर आलं. मी उदार मनाने सव्वातीन घेतले. गणित बिनचूक होतं. फक्त लांबीबरोबर कापडाची जाडीही एक तृतीयांश व्हायला हवी, हे खादी भांडारवाल्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. निऱ्या घालता घालता बाहुलीचं पोट वाढत गेलं. कासोटा मारल्यावर दोन पायांच्या मध्ये कापडाचा असा बोळा झाला, की पाय एकमेकांजवळ येईनात. ती सरळ उभी राहीना, बसणं तर दूरच. नुकतीच घोड्यावरून उतरल्यासारखी, पाय फाकवून, भिंतीला टेकून राहिली. वर तारेची नथ मेणाने चिकटवली.

शोभा मेंदीचे हात वर धरून बघायला आली. बराच वेळ बघत राहिली.

"दादा, हिला दिवस गेलेत का?"

मी तिच्याकडे दुर्लक्ष केलं. ज्या शहरात श्वास सोडून बाकी सगळं पॉलिएस्टरचं, तिथे वाढलेल्या मुलीला सुताचं सौंदर्य काय दिसणार?

रविवारी सकाळी कार्यालयात रुखवत मांडलं, तेव्हा माझा संताप आणखी वाढला. थर्माकोलचं देऊळ. आइस्क्रीमच्या काड्यांचा बंगला, त्याला वर टीव्हीचा अँटेना. खोबऱ्याच्या वाटीचं कासव, पाठीवर चमकी. त्या वर्षी चमकीची साथ होती. लाडू सोडून सगळ्यांना ती झाली होती. या पसाऱ्यात एक तरी गोष्ट सात्त्विक हवी, असं मला आतून वाटलं. मी पिशवीतून बाहुली काढली आणि मधोमध उभी केली.

"अहो," मंदा कानाशी येऊन म्हणाली, "रुखवतात उसनं मांडू नये."

"दोन तास फक्त. लग्न लागलं की उचलतो."

"विसराल."

"मी?"

विसरलो नाही. पण लग्न लागलं आणि पंगत बसली. नवरीच्या भावाने पंगतीत फिरून आग्रह करायचा असतो. मी जिलबीचं ताट घेऊन जावईबापूंच्या काकांशी झटत होतो, तेवढ्यात वरपक्षाच्या बायकांनी रीतीप्रमाणे रुखवत आवरलं, कापडात बांधलं आणि टेम्पोत चढवलं. मी हात धुऊन येईपर्यंत टेबलावर खोबऱ्याच्या कासवाची थोडी चमकी उरली होती. टेम्पो शोभाच्या सासरच्या, चलथाणच्या रस्त्याला लागला होता.

मंदाने ती चमकी फडक्याने पुसून टाकली.

आता पेच असा होता. बाहुली मंगळवारी परत केली नाही, तर हंसाबेनच्या लेखी मास्तर चोर. आणि रुखवतातली वस्तू परत मागितली, तर शोभाचा संसार सुरू होतानाच तिच्या कपाळी एक वाक्य कायमचं लागणार: भावाने दिलं आणि तिसऱ्या दिवशी काढून नेलं. पुढे तीस वर्षं, दर भांडणात, शेवटी हेच वाक्य येणार. सासरची माणसं मी ओळखून होतो. (ओळखून नव्हतो. त्या आधी आमची दोनदाच भेट झाली होती. पण संतापात माणूस अनुभवी होतो.)

"सरळ खरं सांगा," मंदा म्हणाली.

"काहीतरी कारण काढतो."

"तुम्हाला कारणं जमत नाहीत."

मी सोमवारी रात्रभर कारणं जमवली. बाहुलीच्या आतली दोरी सैल आहे, ती सुरतेत एका कारागिराकडून घट्ट करून आणतो, हे त्यातल्या त्यात पायावर उभं राहणारं होतं. मंगळवारी सकाळी शाळेत रजेचा अर्ज टाकला, विहीणबाईंसाठी सुरती घारी मिठाईचा डबा घेतला आणि चलथाणची बस पकडली.

जावईबापू साखर कारखान्यात, त्यामुळे घर वसाहतीत. दार उघडलं विहीणबाईंनी. त्या घरात अहिराणीच बोलत. तशी आमच्याही घरची बोली तीच; मी शिक्षक झाल्यापासून प्रमाण भाषेत रागावतो, एवढंच.

"वनात का मास्तर? बठा," त्या म्हणाल्या. माझ्या येण्याचं त्यांना मुळीच नवल वाटलेलं दिसलं नाही.

मी बसलो, आणि समोर टीव्हीवर नजर गेली.

टीव्हीवर बाहुली बसली होती. बसली होती! मांडी घालून, एक हात मांडीवर, दुसरा गालाला. कपाटातून उतरल्यावर प्रथमच तिला तिचे सांधे वापरायला मिळाले असावेत. पण अंगावर? पोपटी पॉलिएस्टर. झुळझुळीत, सहावारी, जांभळे काठ, काठांवर टिकल्यांची रांग. चापूनचोपून निऱ्या, बोटभर रुंद. कपाळाला लाल टिकली. आणि ती टिकलीसुद्धा चमकीची.

इथे मी ठरलेलं कारण सांगायला हवं होतं. दोरी सैल आहे, एवढे तीन शब्द. त्याऐवजी माझ्या तोंडून निघालं, "हे कुणी केलं?"

"मीच. काबर?" का म्हणून, असं त्यांनी उलट मलाच विचारलं.

"विहीणबाई, ही नऊवारीत होती."

"व्हती ना. येवढं नेसाडेल व्हतं, माले वाटनं आतमा उशी शे."

"ते हातमागाचं सूत होतं. ते कापड कुठे आहे?"

"पोळ्यासना डबामा," विहीणबाई शांतपणे म्हणाल्या. "चांगलं सुती शे. वाफ पेस."

माझ्या तीन दिवसांच्या साधनेत, सव्वातीन वारांच्या त्रैराशिकात, त्यांच्या घरच्या पोळ्या गुंडाळलेल्या होत्या. पुढचं मला फारसं आठवत नाही. पॉलिएस्टरवर मी बोललो. टिकल्यांवर बोललो. गिरणीवाल्यांनी देशाच्या डोळ्यांचं काय केलं, यावरही बोललो असेन. विहीणबाई ऐकत होत्या आणि लसूण सोलत होत्या. शेवटी निऱ्या कशा हव्यात, हे दाखवायला मी टीव्हीवरची बाहुली उचलली आणि तिचा पदर ओढला.

आत काहीतरी ताडकन तुटलं. डोकं माझ्या हातात राहिलं. एक हात लसणाच्या सुपात पडला. बाकीची जर्मनी कॉटखाली गेली.

नेमकी त्याच वेळी शोभा चहा घेऊन आली. हातात हिरवा चुडा, डोक्यावर पदर, आणि समोर भाऊ, हातात मुंडकं घेऊन.

"दादा," ती एवढंच म्हणाली.

मनात आलं, आता कारण खोटं राहिलेलं नाही. "हिची दोरी सैल होती," मी घाईने म्हणालो. "मी त्यासाठीच आलो होतो. सुरतेत एक कारागीर आहे. घेऊन जातो."

"कारागीर कशाले?" विहीणबाई उठल्या. शोभाच्या सासऱ्यांच्या पायजम्यातला नवा इलॅस्टिक त्यांनी काढला, क्रोशाची सुई आणली, कॉटखालून सगळे भाग शोभाकडून गोळा करून घेतले, मोजून जमिनीवर ओळीने मांडले. मानेतून सुई घातली ती टाचेतून काढली. अर्ध्या तासात बाहुली पुन्हा मांडी घालून बसली, आधीपेक्षा ताठ. माझं एकमेव कारण माझ्या डोळ्यांसमोर दुरुस्त झालं.

घड्याळात बारा वाजले होते. हंसाबेनचा मंगळवार उतरणीला लागला होता. मी शोभाकडे बघितलं, ती ओठ दाबून जमिनीकडे बघत होती. मला वाटलं, बिचारीला रडू येतंय. मग खांदे हलायला लागले, तेव्हा कळलं, हसतेय.

"सांगा ना आता, आई," ती सासूला म्हणाली.

"सूननी माले पहिलाच दिन सांगी दिधं," विहीणबाई म्हणाल्या, "का बाहुली उसनी शे, मंगळवारले परत देनी शे. मी म्हनं, दखू, मास्तर काय कारन सांगतस."

"मग ती साडी कशाला नेसवलीत?" मी विचारलं. माझा आवाज अजून पॉलिएस्टरवरच होता.

विहीणबाईंनी माझ्याकडे, वर्गात साधं गणित न येणाऱ्या मुलाकडे मी बघतो तसं बघितलं. "पाहुनी शे ना ती. आमना घर वनी. पाहुनी बाईले तशीच धाडतस का?"

त्यांनी पिशवी आधीच भरून ठेवली होती. तिच्यात एक वाटीभर तांदूळ, सुपारी, हळकुंड आणि बाहुलीच्या मापाचा खण होता. माहेरी आलेल्या लेकीला किंवा परगावच्या पाहुणीला निघताना साडी नेसवायची, ओटी भरायची, ही आमच्याकडची साधी रीत. सात्त्विकतेवर दहा मिनिटं बोललेला माणूस ती विसरला होता. शोभाच्या संसारावर येणारं ते तीस वर्षांचं वाक्य कुठेच नव्हतं. ते मीच लिहून घरून आणलं होतं.

निघताना त्यांनी मला पोळीभाजीचा डबा दिला. पोळ्या माझ्या नऊवारीत बांधलेल्या होत्या. बसमध्ये खाल्ल्या, अगदी मऊ राहिल्या होत्या. हे मान्य करणं मला जड गेलं.

संध्याकाळी हंसाबेनसमोर पिशवी उघडली. त्यांनी बाहुली दिव्याखाली धरली, फिरवली, निऱ्या चिमटीत घेऊन बघितल्या, मांडी घालून बसवली, उभी केली, पुन्हा बसवली. पायजम्याचा इलॅस्टिक किती टिकतो, याची मला कल्पना नव्हती.

"मास्तर," त्या शेवटी म्हणाल्या, "शुं टेस्ट छे तमारो!"

मग त्यांना शंका आली. "पण तमे तो सुतरनी, नव वारनी कहेता हता ने?" सुती, नऊवारी म्हणत होतात ना?

खरं सांगायची हीच वेळ होती. मी चष्मा पुसला.

"ती पहिली आवृत्ती," मी म्हणालो. "ही दुसरी, सुधारलेली."

संपादकाचं नाव मात्र मी सांगितलं नाही.