भिमाबाईनं काढलेलं जाळं

भिमाबाई रडली नाही, याचीच चर्चा आमच्या गावात तिच्या नवऱ्याच्या मरणापेक्षा जास्त झाली. कचरू गेला त्या दिवशी नाही, पुण्यानुमोदनाच्या विधीलाही नाही. भेटायला आलेल्या बाया तिच्या तोंडाकडे बघून कंटाळल्या आणि चहा पिऊन गेल्या. मला या लोकांचा राग येतो. दुसऱ्याचं रडणं काय मोजून घ्यायचं असतं?

दोन हजार तेराचा उन्हाळा होता. नेकनूरकडचा आमचा तलाव आटत आटत मधल्या डोहापुरता उरला होता. कचरू आणि मी एकाच मच्छीमार सोसायटीचे सभासद. त्यानं संध्याकाळी ट्रकच्या ट्यूबवर बसून, हातानं पाणी मारत डोहात जाळं लावलं, आणि पहाटे छातीत कळ येऊन बीडच्या वाटेवर रिक्षातच गेला. जाळं तिथंच राहिलं. आमच्याकडे ज्यानं जाळं टाकलं त्यानं, नाहीतर त्याच्या घरच्यानंच ते काढायचं. परका हात लावत नाही. घरात आता भिमाबाई एकटी. तिला पोहता येत नव्हतं, आणि लुगडं नेसून ट्यूबवर बसायचं म्हणजे अवघडच.

जाळ्यात मासे सडायला लागले. त्याच डोहावर गावची गुरं पाणी पीत होती. चेअरमन सुंदरराव तिच्या दारात जाऊन सांगून आले, की आता थांबता येणार नाही, काठावरून गळ टाकून जाळं ओढून घेऊ, फाटलं तर फाटलं. कचरूनं ते दोन उन्हाळे बसून स्वतः विणलं होतं.

"वढू नका," भिमाबाई म्हणाली. "मी काढते."

सोसायटीला एक रबरी बोट मिळाली होती. तलाव भरलेला असताना मागितली, ती पाणी संपल्यावर आली आणि खोक्यातच पडून होती. भिमाबाईला तिच्यात बसवून न्यायचं ठरलं. वल्हवायला मी.

पण बोट उतरवायला ना धक्का ना उतार. बांधाच्या खाली वेड्या बाभळीचे काटे, त्यापुढं मांडीएवढा गाळ, मग पाणी. सोसायटीतला मुंजाजी म्हणत होता, बोट गुंडाळूनच नेऊ, पाण्याजवळ हवा भरू. सुंदररावांना पटेना. नवी वस्तू, नारळ नको का? मग बांधावरच पायपंपानं बोट फुगवली, हार घातला, पुढच्या दगडावर नारळ फोडला, खोबरं वाटलं. चौघांनी ओढली ती नेमकी करवंटीच्या तुकड्यांवरून. एक बाजू फुस्स करून बसली. काट्यांना भ्यायलेली माणसं आम्ही, आणि घात केला नारळानं. मी भिमाबाईकडे बघितलं. तिच्या तोंडावर काहीच नव्हतं. चिडली असती तर मला बरं वाटलं असतं.

पंक्चरवाल्या धर्मराजला बोलावून ठिगळ लावलं. मग बोट डोक्यावर घेऊन काट्यांतून नेली. गाळावर ओली पोती अंथरली आणि भिमाबाईला आत बसवून बोट वरून सरकवत नेली. मागचं पोतं उचलायचं, पुढं टाकायचं. ती गाठोड्यासारखी बसून होती.

डोहात वास असह्य होता. मी तोंडाला गमजा बांधला. ती नाकाला पदरही न लावता जाळं ओढत होती, सडके मासे सोडवून घमेल्यात टाकत होती. कचरू जाळ्याला तरंगायला जुन्या चपलांचे तुकडे बांधायचा. निम्मं जाळं बोटीत आलं आणि तिचा हात थांबला. हातात निळ्या चपलेची टाच होती, कडेला लाल दोऱ्याची शिवण घातलेली.

"ही माझी," ती म्हणाली. "दिवाळीला हरवली. कुत्र्यानं नेली म्हनले मला. मी दोन दिस बोलले न्हाई त्यांच्यासंगं."

तिचे खांदे हलायला लागले. काठावरून फक्त तिची पाठ दिसत असणार. मी वल्हं आडवं धरून बोट तशीच ठेवली. मग विचारलं, हा तुकडा जाळ्यातून सोडवून देऊ का?

तिनं नाही म्हणून मान हलवली आणि पदरानं त्याचा गाळ पुसला.

"ऱ्हाऊ द्या जाळ्यालाच," ती म्हणाली. "दुसरी घरात ठिवलीय मी अजून."