कुणाचा ताड

पहाटे उतरवलेल्या ताडीचा वास आधी गोड येतो. ऊन चढले की त्यात आंबूस खट्याळपणा मिसळतो. झरीतल्या आमच्या वाडीत हिवाळाभर तो दरवळे, आणि सोबत ताडी उतरवणाऱ्या तरुणाची शीळ, थेट आभाळातून आल्यासारखी. एका सकाळी ती अर्ध्यावर तुटली.

त्याची आई तेव्हा सायवनला लग्नाला गेली होती. परतली, तर लेकाला घरच्या अंगणात निजवलेले. रडणे ओसरल्यावर तिने एवढेच विचारले, "कुठल्या ताडावरून?" आणि तलासरीच्या बाजारातून नवी कुऱ्हाड आणली. ज्याने पोर खाल्ला, त्याला ती आडवा पाडणार होती.

बाजारातून ती ज्या एसटीने परतली, तिच्यात मीही होते. कंडक्टर म्हणाला, "मावशी, कुऱ्हाड घेऊन कुठं? लोक घाबरतात."

"तिचं अर्धं तिकीट काढ, मग नाही घाबरणार."

गाडी हसली. तीही हसली, दांड्यावरची मूठ मात्र सैल झाली नाही.

ताड म्हणजे पाड्यावरचे दुभते. जो तो शेजाऱ्याच्या ताडाकडे बोट दाखवी, शेजारी ओढ्यापलीकडे. पलीकडचा म्हणे, "आमचा? त्याच्यावर माकडपण चढत नाही, काकी!" उन्हाळा लागेपर्यंत तिचा मुलगा गावातल्या प्रत्येक ताडावरून पडला होता आणि एकाही ताडावरून पडला नव्हता. ती बुंध्याबुंध्यावर कुऱ्हाड ठोकून दरडावी, "बोल रे मेल्या, तूच ना?"

वैशाखात ती आमच्या कुंपणाशी आली. "बाई, तुमी शाळेत शिकवता. तुमी तरी खोटं नका बोलू."

"हाच," मी म्हणाले आणि कुंपणातल्या आमच्या ताडाच्या खरखरीत बुंध्यावर तळवा ठेवला.

तिने पदर खोचला, हातांवर थुंकी घेतली, कुऱ्हाड उचलली. झाड कोणत्या अंगाला पडेल, हे जोखायला मान मागे टाकली. वर ताडगोळ्यांचे काळेशार घोस, झाडाच्या गळ्याला दाटीवाटीने बिलगलेले. वारा आला तसे ते जरासे हलले, एकमेकांवर रेलले.

कुऱ्हाड खांद्यावरच राहिली. खोचलेला पदर सुटून पायांत आला, तरी तिची मान खाली येईना. मग पाते मातीत टेकवून ती माझ्याकडे वळली आणि म्हणाली,

"लेकुरवाळी."