फ्रिजवाली ताई

ताईला किळस लपवता येत नसे. समोरचा खोटं बोलू लागला की नासकं दूध तोंडात गेल्यासारखा तिचा चेहरा व्हायचा, मग तो शिपाई असो की मोठा साहेब. सरकारबरोबर काम करायला निघालेल्या बाईला असा चेहरा परवडत नाही. अमरावतीतल्या आमच्या छोट्या स्टार्टअपची ती मालकीण आणि मी तिच्याकडे नोकरीला.

आम्ही लसींच्या फ्रिजवर बसवायचं यंत्र केलं होतं. आतली थंडी कमी झाली की ते मोबाइलवर निरोप पाठवी. मी आरोग्य खात्याच्या साहेबांना दाखवायला चकाचक स्लाइड करत बसलो होतो, तेव्हा ताईने मला उठवून चिखलदऱ्याकडच्या एका आरोग्य केंद्रात नेलं. "पयले सिस्टरले दाखव," ती म्हणाली. "साहेब बदलते, सिस्टर तेथीच राह्यते." तिथे यंत्र सुरू केलं, तर मोबाइलला रेंजच नाही. ताई खो खो हसली. परत येऊन तिने निरोपाऐवजी भोंगा बसवला, मागच्या क्वार्टरमध्ये भाकरी थापणाऱ्या सिस्टरला ऐकू जाईल असा. फ्रिजवाली ताई हे नाव त्या सिस्टरनेच ठेवलं.

खात्याच्या कार्यालयात मात्र आम्ही नुसते झिजलो. साहेब बदलला की नवा साहेब म्हणे, आधी एक पायलट करून पाहू. ताई बाहेर येऊन म्हणायची, "एवढे पायलट झाले, विमान काई उडून नाई राह्यलं." तरी ती पुन्हा जायची. शेवटी डोंगरातल्या मोजक्या केंद्रांत यंत्रं लागली. एका दुपारी वीज गेली, भोंगा वाजला आणि सिस्टरने लसी बर्फाच्या पेटीत हलवून वाचवल्या. त्या दिवशी ताईने सगळ्या ऑफिसला कचोरी खाऊ घातली.

मग उन्हाळ्यात अमरावतीला नवउद्योजकांचा मेळावा भरला. पाहुणे मोठे होते. आमच्या स्टॉलवर फुलांच्या माळा आणि यंत्रांची रांग मांडलेली पाहून ताई चक्रावली, कारण आमच्याकडे शिल्लक यंत्रं नव्हतीच. तिने एक उचललं. त्यावरच्या चिकटपट्टीवर सिस्टरच्या अक्षरात गावाचं नाव होतं. कार्यालयाने जीप पाठवून चालू फ्रिजांवरची यंत्रं काढून आणली होती. अधिकारी समजावू लागले, मॅडम, कार्यक्रम झाला की परत बसवू, स्टॉल भरलेला दिसायला हवा.

ताईचा चेहराच सगळं बोलत होता. पाहुणे यायच्या आत तिने यंत्रं पिशवीत भरली आणि आम्ही गाडी काढून डोंगर चढलो.

पोहोचलो तेव्हा सिस्टर पायरीवर बसली होती. आदल्या रात्री वीज गेली, भोंगा नव्हता, आणि ती मागच्या क्वार्टरमध्ये झोपली होती. फ्रिजमधल्या सगळ्या लसी बाद झाल्या. रानवाटेने लेकरं घेऊन आलेल्या बायांना तिने नुकतंच परत पाठवलं होतं. ताईने यंत्र जागेवर लावलं आणि बाहेर जाऊन ओकली. मी पाणी दिलं तर म्हणाली, "मले ऊन नाई लागलं. त्या स्टॉलवरचे फुलं आठवले."

पाहुण्यांचा अपमान झाला म्हणून आमचं काम थांबलं. ते दुसऱ्या कंपनीला गेलं, त्यांनी साहेबांच्या खोलीत सगळ्या फ्रिजांचे आकडे दाखवणारा भिंतभर मोठा पडदा देऊ केला होता. ताईने कंपनी बंद केली. आता ती अकोल्याला पोरांना इलेक्ट्रॉनिक्स शिकवते.

मागच्या वर्षी सरकारने पुन्हा स्टार्टअपकडून प्रस्ताव मागवले, तेव्हा मी स्वतः एक टाकू का, हे तिला विचारायला अकोल्याला गेलो. मला वाटलं, शिव्या देईल. पण ती म्हणाली, "टाक प्रस्ताव. सरकारबिगर त्या लेकरायपर्यंत कोण पोचते? पण सिस्टरले इचारून टाक."

मी डोंगरात गेलो. सिस्टरने चहा ठेवला, माझं सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "मांगच्यासारखं काढून तर नाई नेणार?"