देवळांच्या पेट्या आणि आमची व्हॅन

मी एकतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं. त्यातली बरीच वर्षं चौथीचा वर्ग माझ्याकडे होता. आपला जिल्हा शिकवताना मी फळ्यावर एक मोठा गोल काढायची आणि मुलांना लोणारचं सरोवर सांगायची. आकाशातून दगड पडला, खड्डा झाला, पाणी साचलं. एका वर्षी पहिल्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, "बाई, तुमी पाह्यलं काय ते?" मी "हो" म्हणून पुढचा धडा काढला. धादांत खोटं. नांदुऱ्याहून लोणार काही परदेशात नाही, पण कधी परीक्षा, कधी कुणाचं लग्न, कधी सासूबाईंचं दुखणं, असं करत ते राहूनच गेलं. निवृत्त झाल्यावर त्या मुलीचा चेहरा मला फार आठवायला लागला.

माझे यजमान माझ्या एक वर्ष आधी रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झाले. सगळी नोकरी तारा, खटके आणि बारीक स्क्रूंमध्ये गेली. घरी आल्यावरही हातांना काम लागायचं, म्हणून त्यांनी कधीतरी हार्मोनियम, म्हणजे आमची पेटी, खोलून बसवायला शिकून घेतलं होतं. आमच्या गल्लीतल्या मारुतीच्या देवळातली पेटी दोन वर्षं मुकी पडली होती. ती त्यांनी दोन दुपारींत बोलती केली. ही बातमी भजनी मंडळांतून कशी फिरली कोण जाणे, पण फोन यायला लागले. खामगावकडचं एक गाव, मेहकरजवळचं एक, साखरखेर्डा, चिखलीकडची दोन गावं, धामणगाव बढे. तक्रार सगळीकडे एकच. उंदरानं भाता कुरतडला, पट्टी दाबली की वर येत नाही, सूर घोगरा झाला. मोठ्या शहरात पेटी घेऊन जायला कुणाला सवड नव्हती.

दिवाळी झाली आणि एका सकाळी यजमानांनी ही सगळी गावं एका कागदावर लिहिली. मी सवयीनं जिल्ह्याचा नकाशा काढला आणि गावं जोडत गेले. रेघ खाली मेहकर-लोणारकडे गेली, सिंदखेड राजाला वळली, चिखली-बुलढाण्याहून वर येऊन परत नांदुऱ्याला मिळाली.

"ही त प्रदक्षिणाच झाली वं," ते कागद फिरवून पाहत म्हणाले.

"मंग घालू ना," मी म्हटलं. "वाटंत जे देव लागतीन त्याचं दर्शन घेऊ, पेट्या दुरुस्त करू, अन् मले लोणार दाखवा."

पुण्याहून लेकीनं फोनवर डोक्याला हात लावला. "आई, या वयात तुम्ही दोघं जुन्या व्हॅनमध्ये झोपणार?"

"देवळात झोपू, धर्मशाळेत झोपू. व्हॅनमध्ये सामान झोपंल," मी म्हटलं. एकसष्टाव्या वर्षी मला शाळेच्या सहलीच्या आदल्या दिवसासारखं होत होतं. मी नवे कॅनव्हासचे बूट घेतले होते आणि ते पातळाखाली घालून घरभर चालून पाहत होते.

पहिल्या दिवशी शेगावला दर्शन घेतलं, गरम कचोरी खाल्ली आणि खामगावच्या पुढं त्या पहिल्या गावात पोचलो. देवळातली पेटी उघडली तर आत उंदरीण आणि तिची चार पिल्लं. मंडळाचे अध्यक्ष, चांगले सत्तरीचे, ओरडून पायरीवर जाऊन उभे राहिले. यजमानांनी पिल्लांसकट चिंध्यांचं घरटं उचलून देवळामागच्या कडब्यात नेऊन ठेवलं आणि मग नवा भाता बसवायला घेतला. मी शेजारी बसून हवं ते हत्यार हातात देत होते. गेली कित्येक वर्षं माझं तेवढंच काम होतं. मोबदला घ्यायचा नाही असं आमचं ठरलेलं, त्यामुळे निघताना लोकांनी व्हॅनमध्ये भाजी कोंबली. वांगी, मेथी, एक भलामोठा भोपळा. त्या भोपळ्याला मी पुढं तीन दिवस मांडीवर घेऊन बसले, कारण मागं तो गडगडत फिरायचा.

मेहकरला बालाजीपुढं उभी राहिले तेव्हा काळ्या पाषाणाची ती उंच मूर्ती पाहून मी मागायचं काय तेच विसरले. जवळच्या गावातली पेटी एका दिवसात झाली. आणि चौथ्या दिवशी सकाळी लोणार.

कठड्याशी गेले आणि पाय थबकले. फळ्यावरचा माझा गोल मला आठवला आणि हसू आलं. हातभर गोल काढून मी काय शिकवत होते! खाली एवढं मोठं गोल, हिरवट पाणी, भोवती झाडी, झाडीत मोर ओरडत होते आणि पलीकडचा काठ धुक्यात अर्धा बुडालेला.

"काऊन रडून राह्यली?" यजमानांनी विचारलं.

"रडत नाई. पाहून राह्यली," मी म्हटलं. दोन्ही खरं होतं.

काठावरच्या गोमुखाच्या धारेचं पाणी पायांवर घेतलं आणि पायऱ्यांनी खाली निघालो. वाटेतली पडकी देवळं, दगडातली शिल्पं, मी प्रत्येकापाशी थांबत होते. खाली पाण्याला खारट, उग्र वास येतो. मी बोट बुडवून जिभेला लावलं आणि तोंड वाकडं केलं, त्यावर यजमान इतके हसले की त्यांचं पायरीकडे लक्ष राहिलं नाही. परत चढताना शेवाळलेल्या दगडावरून त्यांचा पाय सरकला. उजव्या हातावर सगळा भार आला.

गावातल्या डॉक्टरांनी फोटो काढून पाहिला. हाड मोडलं नव्हतं, पण मनगट टम्म सुजलं होतं. त्यांनी पट्टी घट्ट बांधली, हात गळ्यात अडकवला आणि बजावलं, "काका, तीन आठवडे या हातानं चमचासुद्धा उचलायचा नाही."

व्हॅनमध्ये येऊन ते डाव्या बाजूला बसले. मी तशीच उभी.

"चाल, पोराले फोन लावू. मेव्हण्याच्या पोराले," ते म्हणाले. "तो येईन, गाडी नेईन. घरी जाऊ."

"अन् साखरखेर्डा? त्या बाया आठ दिवसांपासून वाट पाहून राह्यल्या."

"कोण्या हातानं करू मी, सांग बरं?"

त्यांना असं बोलताना मी पहिल्यांदाच ऐकत होते. चेहरा पडला होता, दुखण्यापेक्षा जास्त. माझ्याकडे गाडीचा परवाना होता. लेकीच्या हट्टानं काढलेला. पण मी व्हॅन चालवली होती ती नांदुऱ्यात, घरापासून भाजीबाजारापर्यंत, तीसुद्धा बाजार नसेल त्या दिवशी. मी पलीकडून गेले आणि चाकामागं बसले. पाय पेडलांवर ठेवले. बूट घेतले ते बरं केलं असं वाटलं.

"वं, तू?"

"गाडी मी चालवते. पेटी पण मीच करते. तुमी फक्त तोंडानं सांगा."

त्यांनी डाव्या हातानं किल्ली काढून माझ्यापुढं धरली. "पयल्यांदा आरसा नीट कर," म्हणाले.

लोणार सोडलं तेव्हा दोन वेळा गाडी बंद पडली. तिसऱ्यांदा सुरू झाली ती साखरखेर्ड्यापर्यंत बंद पडली नाही. दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला, तुरीला पिवळा फुलोरा आणि मधून सरळ रस्ता. मी तिसरा गिअर टाकला, मग चौथा. खिडकीतून थंड वारा येत होता. "अहो, मी चालवून राह्यली!" मी दोनदा मोठ्यानं म्हटलं. ते म्हणाले, "दिसते मले. समोर पाह्य." पण हसत होते.

साखरखेर्ड्याचं मंडळ बायकांचं होतं. बाजाराच्या मागं देवीचं छोटं देऊळ, तिथं बारा-पंधरा जणी जमलेल्या. पेटी वाजवायच्या त्या एक आजी होत्या. वय पंचाहत्तरच्या वर, केस पांढरे, बोटं लांब. पेटी मुकी झाल्यापासून त्या भजनाला येऊन नुसत्या टाळ वाजवत होत्या. आम्हाला पाहून त्यांनी आधी यजमानांच्या गळ्यातल्या हाताकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"हे त जखमी झाले. आता पेटी कोन करन माय?"

"मी करते," मी म्हटलं. आवाज माझाच होता, पण तो ऐकून मीच दचकले.

वरची फळी काढली, पट्ट्या एकेक करून बाहेर घेतल्या, कागदावर आकडे टाकून ओळीनं मांडल्या. आतल्या पितळी पाती, ज्यांतून सूर निघतो, त्या जुन्या ब्रशनं साफ केल्या. यजमान भिंतीला टेकून सांगत होते. "हळू. दाबू नको. आता तो तिसरा काढ." दोन सूर उतरले होते. सूर चढवायचा तर पातीच्या टोकाशी अगदी हलक्या हातानं घासायचं, उतरवायचा तर बुडाशी. हे मी शंभरदा पाहिलं होतं. पाहणं वेगळं. पहिली पात मी इतकी घासली की सूर वरच्या सुराला जाऊन भिडला.

"हा त पळाला!" एक बाई म्हणाली आणि सगळ्या हसल्या. मीही हसले, पण कानशिलं तापली होती.

"बुडाशी घे दोन हात. आता फुंकून पाह्य," यजमान शांतपणे म्हणाले. "घाई कायले? तुह्या कानावर भरोसा ठेव. मह्यापेक्षा तुहा कान बरा आहे."

एवढ्या वर्षांत त्यांनी हे कधी सांगितलं नव्हतं. मी पात परत हातात घेतली. आजी शेजारी येऊन बसल्या आणि नीट तो सूर गुणगुणत राहिल्या, न थांबता. मी त्यांच्या गळ्याबरोबर पात मिळवत गेले. घासायचं, फुंकायचं, ऐकायचं. कधीतरी दोन्ही आवाज एक झाले आणि आजींनी माझ्या गुडघ्यावर थाप मारली. "हाव! हाच!"

भात्याच्या फटींवर मऊ कातडं सरसानं चिकटवलं, ते वाळेपर्यंत सगळ्यांनी चहा घेतला. मग पेटी आजींपुढं ठेवली. त्यांनी पदर सावरला, डावा हात भात्यावर ठेवला आणि उजव्या हाताची बोटं पट्ट्यांवर नुसती टेकवून डोळे मिटले. पहिला सूर निघाला आणि देऊळ भरून गेलं. बायकांनी टाळ उचलले. देवीचं एक जुनं पद सुरू झालं. माझ्या हातांना सरस लागलेला, नखांत पितळेची भुकटी, आणि मी तशीच त्यांच्यात बसून गायले. यजमान डाव्या हातानं मांडीवर ठेका धरत होते.

तिथून पुढं मी थांबलेच नाही. सिंदखेड राजाला मोती तलावाच्या दगडी बांधावर बसून आम्ही भाकरी आणि त्याच भोपळ्याची भाजी खाल्ली. देऊळगाव राजाला बालाजीचं दर्शन घेतलं, आणि या वेळी मागायचं काय ते मला ठाऊक होतं. ह्यांचा हात बरा होऊ दे, पण फार लवकर नको. हे मी त्यांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "देवापुढं तरी लाज ठेव वं." चिखलीकडच्या दोन पेट्यांना दोन दिवस लागले. दुसरीच्या वेळी ते सूचना देता देता झोपून गेले आणि मी त्यांना उठवलं नाही.

बुलढाण्याहून निघताना मात्र मी आधी चहाला थांबू म्हटलं. पुढं राजूर घाट. चहाच्या टपरीवर त्यांनी मला टेबलावर बोटानं वळणं काढून दाखवली. "दुसऱ्यात ठेव. ब्रेकवर पाय ठेवून बसू नको. हॉर्न मारत जा." घाटाच्या तोंडाशी आमच्या पुढं कापसाचा ट्रॅक्टर लागला. गाठोड्यांनी फुगलेली ट्रॉली, ओलांडून जायची सोय नाही. मी मागं राहिले, अंतर ठेवून. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला दरी आणि तिच्यात सागाचं रान. ह्यांचा उजवा पाय रिकाम्या जागी ब्रेक दाबत होता. प्रत्येक वळणाला माझा हॉर्न आणि त्यांचा "जय हरी" एकदमच व्हायचा. चौथ्या-पाचव्या वळणानंतर माझे खांदे सैल झाले. इंजिनचा आवाज पेटीच्या खर्जासारखा लागत होता. रस्ता सपाट झाला, ट्रॅक्टरवाल्यानं हात दाखवून पुढं जायला वाट दिली आणि मी त्याला ओलांडलं.

"उतरलो?" मी विचारलं.

"कवाच!" ते म्हणाले. "थांबव आता. मले पाणी पायजे."

रस्त्याच्या कडेला व्हॅन लावून दोघं उतरलो. मी घाटाकडे वळून पाहिलं आणि जागच्या जागी दोन उड्या मारल्या. ट्रॅक्टरवाला मागून आला आणि आमच्याकडे बघत बघत पुढं गेला.

धामणगाव बढेला मंडळाचे लोक रस्त्यापर्यंत सामोरे आले होते. पुढं उभ्या असलेल्या गृहस्थांनी यजमानांना हार घालायला हात उचलले. "पेटीवाले काका तुमीच ना जी?"

यजमानांनी हार तसाच थोपवला आणि मागं वळले. मी अजून गाडीतून उतरत होते, हातात हत्यारांची पिशवी.

"पेटीवाल्या ह्या," ते म्हणाले. "मी सोबत आलो."